माझ्या नाकाकडे बघा

बसची खिडकी मी पुन्हा उघडली, आणि मागून कुणीतरी ती पुन्हा धाडकन लावली.

जुलैची दुपार होती. बेलग्रेडहून आमच्या व्रशात्स गावाला येणारी बस तव्यासारखी तापली होती, आणि तिथे बदलीची रात्रपाळी करून आलेली मी घामाने चिंब झाले होते. मी तिसऱ्यांदा खिडकीला हात घातला.

"अगं बाई, लाव ती!" मागच्या आजी ओरडल्या. "आरपार वारा येतोय! माझी मान आखडली म्हणजे?"

"आजी, वाऱ्याने कुणाचीही मान आखडत नाही. मी डॉक्टर आहे."

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. आमच्याकडे देव मानला नाही तरी लोक चालवून घेतात, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवणाऱ्याला कुणी माफ करत नाही. अख्खी बस माझ्यावर उलटली. एकाच्या मेहुण्याचं तोंड म्हणे अशाच वाऱ्याने वाकडं झालं होतं. एकीची शेजारीण अशाच वाऱ्याने गरगरून जिन्यावरून पडली होती. ड्रायव्हरसुद्धा आरशातून माझ्याकडे बघून "च्च च्च" करायला लागला.

तेवढ्यात पलीकडच्या रांगेतला एक उंच, सडपातळ माणूस उठला. त्याच्या कोपरापर्यंत लाकडाचा भुसा चिकटला होता. त्याने शांतपणे आपल्या बाजूची खिडकी लावली आणि माझी उघडी ठेवली.

"आता एकच उघडी आहे," तो सगळ्या बसला म्हणाला. "वारा आत आला तरी त्याला पलीकडे जायला वाट नाही. आजींची मान वाचली, डॉक्टरांचा श्वासही वाचला. झालं?"

मी आ वासून बघतच राहिले.

"तुम्ही वकील आहात का?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"खिडक्या बसवतो. ह्याच भीतीवर माझी चूल पेटते. तुम्ही वाऱ्याला असं निर्दोष सोडत सुटलात, तर मी खायचं काय?"

मला हसायचं नव्हतं. तरी हसले... आणि हसले म्हणून स्वतःवरच चिडले. तो गाव यायच्या आधीच्या थांब्यावर उतरला. उतरताना त्याने एकदाच वळून बघितलं. डोळे करडे होते, आणि नजर अगदी स्थिर. डोळे बघणं हे माझं कामच आहे, त्यामुळे एवढं लक्षात राहणारच... असं मी स्वतःला समजावलं.

नाव मात्र विचारायचं राहून गेलं.

*

सप्टेंबरात आमच्याकडे कोशावा हा गार, बोचरा वारा सुटायला लागला, आणि हॉस्पिटलमधल्या माझ्या तपासणीच्या खोलीची जुनी खिडकी शिट्ट्या मारायला लागली. मी तक्रार केली. एके दिवशी दार उघडलं आणि खांद्यावर चौकट घेऊन तो आत आला.

"तुम्ही!" मी म्हणाले.

"तुम्ही?" तो म्हणाला. मग खिडकीकडे बघून, "डॉक्टर, तुम्हालासुद्धा वारा लागतो?"

"शिट्टीचा त्रास होतो. वाऱ्याचा नाही."

"लिहून घेतो हां. वारा निर्दोष, शिट्टी गुन्हेगार."

त्याचं नाव वुकाशिन. एका खिडकीला जेवढा वेळ लागायला हवा, त्याच्या चौपट त्याने लावला. कधी फळीच चुकीची आणायचा, कधी बिजागरी घरी विसरायचा. आणि मी... मीही कुणाकडे तक्रार केली नाही. दुपारी पेशंट संपले की तो कागदात गुंडाळलेला गरम बुरेक, म्हणजे मांस भरलेली थरांची भाजलेली पोळी, आणायचा. त्यातला मांसाचा तुकडा मला द्यायचा आणि कोरड्या कडा स्वतः खायचा.

"तुम्ही दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघत बसता?" एकदा त्याने शिडीवरून विचारलं.

"ज्यांना अचानक गरगरायला लागतं, त्यांच्या."

"आणि ह्याचा पगारही मिळतो?"

"खाली उतरा. दाखवते."

तो खुर्चीत बसला. मी समोर उभी राहिले आणि त्याचा चेहरा दोन्ही तळहातांत धरला. "माझ्या नाकाकडे बघा. काहीही झालं तरी नजर हलवायची नाही."

"हुकूम."

मी त्याचं डोकं झटकन, अगदी थोडंसं उजवीकडे वळवलं. मग डावीकडे. चेहरा वळला, पण डोळे माझ्या नाकावरून तसूभरही हलले नाहीत.

"ठणठणीत," मी म्हणाले.

"संपली तपासणी?"

"संपली."

"मग हात काढलेत तरी चालेल... म्हणजे राहू दिलेत तरी माझी काही हरकत नाही."

मी चटका बसावा तसे हात मागे घेतले. गाल तापले होते. ते लपवायला मी भराभर शिकवायलाच लागले. "हे बघा, एखाद्याला सारखं गरगरतंय आणि डोकं वळवल्यावर त्याचे डोळे घसरले, मग उडी मारून परत नाकावर आले, तर मी सुटकेचा निःश्वास टाकते. म्हणजे दोष कानात आहे. कानातली नस सुजली की ओकाऱ्या होतात, माणूस रडकुंडीला येतो, पण बरा होतो."

"आणि घसरले नाहीत तर?"

"गरगरतंय, तरी डोळे असे स्थिर... तर मला घाम फुटतो. मग दोष मेंदूत असू शकतो. तिथलं रक्त अडलेलं असतं."

तो चकित झाला. "म्हणजे ज्याची नजर ढळत नाही, तोच जास्त धोक्यात?"

"गरगरत असेल तरच. गरगरत नसेल तर तो धडधाकट."

"आणि..." तो शिडीची पायरी चढता चढता थांबला, "...जुलैपासून जरा जरा गरगरायला लागलंय असं वाटत असेल तर?"

"तर त्याने गपचूप खिडकी बसवावी!" मी म्हणाले. पण त्या दिवशी एकाही पेशंटचं नाव माझ्या लक्षात राहिलं नाही.

शेवटी खिडकी बसली. ती आता इतकी घट्ट होती की बाहेर कोशावा आहे की नाही हेही कळत नव्हतं. हत्यारं आवरता आवरता वुकाशिन माझ्याकडे न बघता म्हणाला, "आठ नोव्हेंबरला आमच्या घरची स्लावा असते. संत दिमित्रीची."

"हे आमंत्रण आहे का?"

"छे! घरच्या संताच्या सणाला कुणी कुणाला बोलावतं का? ज्याला यायचं तो येतो. मी आपली तारीख सांगितली." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "बाबा गेल्यानंतरची पहिलीच स्लावा. यजमान मी. मेणबत्ती लागली की ती विझेपर्यंत यजमानाने बसायचं नसतं. बाबा कधीच बसले नाहीत. एका वर्षी तर तापातसुद्धा उभे होते. तेवढं एक मला नीट करायचंय, डॉक्टर."

*

जाऊ की नको, जाऊ की नको, असं करता करता आठ तारखेला मी वाइनची बाटली घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. न बोलावता जायचं ही रीतच आहे, पण एकटी मुलगी अशी गेली की साऱ्या गावाला त्याचा अर्थ कळतो. टेकडीवरून कोशावा असा सुटला होता की केसांचं पार घरटं झालं होतं.

दार त्याच्या आईने, रोसांदाकाकूंनी उघडलं. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. मग रीतीप्रमाणे उकडलेल्या गोड गव्हाचा चमचा पुढे केला. मी खाल्ला.

आत टेबल पाहुण्यांनी भरलं होतं. उंच मेणबत्ती जळत होती. तिच्याशेजारची यजमानाची जागा मात्र रिकामी होती. तिथे वुकाशिनचे सावाकाका घाईघाईने पेले भरत होते आणि अर्धे सांडत होते.

"वुकाशिन...?"

"आत पडलाय," काकू म्हणाल्या. "सकाळपासून गरगरतंय. उघड्या खिडक्यांत काम करायचं, मफलर घालायचा नाही. मग वारा बाधणार नाही तर काय? लोक काय म्हणतील? बाप गेला आणि पहिल्याच वर्षी यजमान अंथरुणात!"

मी आतल्या खोलीत धावले. तो कुशीवर पडला होता. गळ्याला लोकरीचा मफलर होता, छातीला चोळलेल्या राकिया दारूचा वास येत होता, खाली पातेलं ठेवलं होतं. मला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला.

"आलात... बघा, तुमच्यामुळे किती गरगरतंय."

"थट्टा पुरे. उठून बसता येतं?"

"मला उभंच राहायचंय." त्याचे डोळे भरून आले. "एकच दिवस, डॉक्टर. फक्त आजचा दिवस मला उभं करा."

भिंतीला धरून तो उठला, आणि ओंडक्यासारखा एका बाजूला कलंडला. मी त्याला कसंबसं सावरलं. कानाच्या चक्करीत माणूस धडपडतो, पण सहसा असा जागच्या जागी कोसळत नाही.

मी त्याला बसवलं. काकूंनी मागून त्याचे खांदे धरले. एव्हाना दारात पाहुण्यांची गर्दी झाली होती. सगळ्यांत पुढे सावाकाका होते.

"मान दुखते का? खरं सांगा."

त्याने सावाकाकांकडे ओझरतं बघितलं. "नाही."

मी त्याचा चेहरा हातांत घेतला. तेच तळहात, तेच गाल. "माझ्या नाकाकडे बघा."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचे डोळे घसरावेत म्हणून देवाची करुणा भाकत होते. घसर. एकदाच घसर, मग उडी मारून परत ये. मी डोकं जरासं उजवीकडे वळवलं.

डोळे हलले नाहीत.

डावीकडे वळवलं, तरी हलले नाहीत. ते करडे डोळे माझ्या नाकावर खिळून राहिले.

"बघितलंत?" तो पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाला. "नजर ढळली नाही."

"शाब्बास!" दारातून कुणीतरी ओरडलं. "नजर बघा कशी आहे पोराची! वाघ आहे वाघ!" लोक खूश झाले. पेल्याला पेले भिडले.

मी त्याला डावीकडे बघायला सांगितलं, तर बुबुळं डावीकडे टकटक करायला लागली. उजवीकडे बघायला सांगितलं, तर तीच टकटक उजवीकडे सुरू झाली. मी एक डोळा झाकून उघडला, मग दुसरा. झाकलेले डोळे उघडले की एक खालून वर, तर दुसरा वरून खाली सरकून जागेवर येत होता. तिन्ही खुणा एकच गोष्ट सांगत होत्या.

"गाडी काढा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आत्ताच्या आत्ता. ह्याच्या मेंदूला रक्त पोचत नाहीये."

काकू म्हणाल्या, "काहीतरीच काय, पोरी! वारा बाधलाय. मान आखडली होती, ती तर सावाने काल बसवली. अक्रोड फुटावा तसा आवाज आला."

"काय बसवली?"

सावाकाका एक पाऊल मागे सरकले. "मी अर्ध्या गावाच्या माना बसवल्यात... आजपर्यंत कुणाला काही..."

मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटली असणार, हे लख्खकन माझ्या डोक्यात चमकलं. आणि तीच मान आत्ता मीही वळवली होती.

"खोटं का बोललास?" माझा तोल सुटला. तुम्ही, डॉक्टर, पेशंट, सगळं कुठल्या कुठे उडालं. "मान दुखत नाही म्हणून का सांगितलंस, मूर्खा?"

"काकांना... सगळ्यांसमोर..." तो पुटपुटला आणि पातेल्यावर वाकला.

मी त्याचा कोट शोधायला लागले, तर काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "मेणबत्ती जळतेय. यजमान घर सोडून जात नाही. त्याचा बाप तापात उभा होता! आणि तू गं कोण, माझ्या घरात येऊन हुकूम सोडणारी?"

"मी कुणीही नाही," मी म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही सुचलं नाही. "मला कुणी बोलावलेलंही नाही. पण काकू, आज ह्याला इथे ठेवलंत, तर पुढच्या वर्षी त्या मेणबत्तीपाशी उभं राहायला कुणी उरणार नाही."

कुणाचा तरी पेला खाली पडून फुटला. मला वाटलं, आता ह्या माझ्या थोबाडीत देणार. काकूंचा चेहरा राखेसारखा झाला. त्या वळल्या आणि तरातरा बाहेरच्या खोलीत गेल्या. कोशाव्यात ज्या घरातल्या खिडक्यांना कुणी बोट लावत नसे, त्या घरातली मोठी खिडकी त्यांनी दोन्ही हातांनी सताड उघडली. पुढचं दारही उघडंच होतं. वारा घरातून आरपार गेला. पडदे छताला लागले, टेबलावरचे रुमाल उडाले... आणि मेणबत्ती विझली.

बायकांनी भराभर छातीवर क्रूस काढले. सावाकाका मटकन खाली बसले.

"विझू दे!" काकू मागे वळूनही न बघता ओरडल्या, आणि खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून शेजाऱ्याला हाक मारायला लागल्या. "मिलुटिन! गाडी दाराशी लाव! संत माझं समजून घेईल, पण पोरगा गेला तर मी कुणाकडे बघू?"

*

हॉस्पिटलमध्ये काढलेल्या पहिल्या फोटोत मेंदू स्वच्छ दिसला. "कानाचंच दिसतंय, नेवेना," ड्यूटीवरचे सहकारी मला म्हणाले. "घरी पाठवू या."

"मेंदूच्या ह्या भागातली इजा फोटोत उशिरा दिसते. डोळ्यांत ती आधी दिसते," मी म्हणाले. "मानेच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढा. चुकले तर माझ्या नावाने."

नवा फोटो आला, आणि ते माझ्याकडे बघतच राहिले. रक्तवाहिनी फाटली होती. तिच्यातली एक बारीक गाठ सुटून वर जाऊन अडकली होती. रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं, आणि संध्याकाळच्या आत त्याला बेलग्रेडला हलवलं. अँब्युलन्समध्ये मी त्याचा हात धरून बसले होते. उगाच कशाला लपवू... सगळा रस्ता मी रडत होते.

तो वाचला.

काही दिवसांनी मी ड्यूटी संपवून बेलग्रेडला गेले. तो उशीला टेकून बसला होता. चेहऱ्यावर रंग परत आला होता. पलंगाशेजारची खिडकी बोटभर उघडी होती.

"ही कुणी उघडली?" मी चकित होऊन विचारलं.

"आईने. म्हणते, डॉक्टरांना मोकळी हवा आवडते." तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "नेवेना, एक सांगायचंय. पुढच्या वर्षी तू आमच्या स्लावाला पाहुणी म्हणून यायचं नाही."

अख्ख्या गावादेखत मी त्यांची मेणबत्ती विझवायला लावली होती. काकूंनी बोलून दाखवलं असेल... की त्यालाच आता ते आठवून...

"बरं," मी कशीबशी म्हणाले आणि पर्स उचलली. "समजलं."

"काही समजलेलं नाही." त्याने माझं मनगट धरलं. पकड अजून कमजोर होती, पण सोडवून घ्यावंसं वाटलं नाही. "पाहुणे बसतात, नेवेना. गरम सूप पितात, भाजलेलं मांस खातात, मजा करतात. ते सुख तुला मिळू द्यायची माझी इच्छा नाही. तू... दिवसभर माझ्याशेजारी उभी राहशील? पाय मोडेपर्यंत?"

पर्स हातातून खाली पडली.

"हे... तू मला काय विचारतोयस ते तुला कळतंय ना? औषधांच्या गुंगीत नाहीस ना?"

"तपासून बघ."

मी त्याच्या समोर वाकले. आता मान वळवायची नव्हती. "माझ्या नाकाकडे बघ," मी म्हणाले. बुबुळं अजून जराशी थरथरत होती. मग ती नाकावरून हळूच वर, माझ्या डोळ्यांपर्यंत आली.

"नजर हलली," मी कुजबुजले.

"मुद्दाम हलवली. उत्तर दे."

"उत्तर हवंय? मग सरावाला लाग. डॉक्टरांनी आजपासून उभं राहायची परवानगी दिली आहे. ऊठ."

त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. मी त्याच्या कमरेला घट्ट धरलं. तो उठला, डुलला, माझ्यावर रेलला, पुन्हा सावरला... आणि उभा राहिला. आम्ही दोघं उभे राहिलो. त्याला तर गरगरत होतंच, पण खरं सांगते, मलाही गरगरत होतं.

तेवढ्यात दार उघडलं. रोसांदाकाकू सुपाचा डबा घेऊन दारातच थबकल्या. त्यांनी पोराचे थरथरणारे पाय बघितले, माझा हात बघितला, आम्हा दोघांचे चेहरे बघितले. मला वाटलं, धावत येऊन त्याला पलंगावर बसवतील.

त्यांनी डबा शांतपणे माझ्या मोकळ्या हातात दिला. मग कोट नीट केला, खांद्यावरची शाल सावरली, खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर जाऊन बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बरं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आज मी पाहुणी. वाढा मला सूप."